तुकड्या-तुकड्यांनी निधी मंजूर झाला, तर अमेरिकी अध्यक्षांवर महाभियोगाची वेळ येऊ शकते का?

चौकस वाचक (मूळ प्रश्न):

ऑक्टोबर २०१३ मध्ये खर्चाची तरतूद मंजूर न झाल्याने अमेरिकी सरकारचे कामकाज १६ दिवस बंद पडले होते, म्हणजे ‘शटडाउन’ झाला होता. त्या काळात रिपब्लिकन बहुमत असलेल्या प्रतिनिधीगृहाने संपूर्ण सरकारसाठी एकत्रित विधेयक मंजूर करण्याऐवजी राष्ट्रीय उद्याने, माजी सैनिकांचे लाभ, आरोग्य संशोधन संस्था, वॉशिंग्टन शहराचा कारभार अशा एकेका विषयासाठी छोटी छोटी विधेयके मंजूर करण्याचा सपाटा लावला होता, आणि ओबामा प्रशासनाने त्यांवर नकाराधिकार वापरण्याचा इशारा दिला होता. त्या वेळी एक युक्तिवाद ऐकायला मिळत असे. तिजोरीच्या किल्ल्या काँग्रेसकडे, म्हणजे प्रतिनिधीगृह आणि सिनेट मिळून बनलेल्या अमेरिकी संसदेकडे, आहेत. काँग्रेस एखाद्या खात्याला पैसे देऊ करत असताना अध्यक्षच ते नाकारत असतील, तर ते खाते बंद पडण्याचा दोष अध्यक्षांकडे जातो, ही कर्तव्यच्युती ठरते आणि कर्तव्यच्युतीवर उपाय महाभियोगाचा आहे, असे त्याचे स्वरूप होते.

२०२५ च्या ४३ दिवसांच्या शटडाउनमध्ये मात्र नेमके उलटे चित्र दिसले. काँग्रेसने पगाराची तरतूद केलेली नसताना प्रशासनाने संशोधनासाठी राखलेल्या निधीतून सैनिकांचे पगार दिले, आणि हाच अध्यक्षांनी केलेला घटनाभंग आहे असे काही जण म्हणू लागले. एका प्रसंगी पैसे नाकारणे हा गुन्हा आणि दुसऱ्या प्रसंगी पैसे देणे हा गुन्हा, हे एकाच तत्त्वातून निघते की ही केवळ पक्षीय सोय आहे? कोणता पक्ष बरोबर होता हे मला विचारायचे नाही. घटनेच्या चौकटीत अशा खंडित निधीवाटपातून महाभियोगापर्यंत जाणारा रस्ता खरोखर आहे का, एवढेच समजून घ्यायचे आहे.

पोटोमॅककाठ:

मी मेरीलँडमध्ये राहतो, आणि आमच्या वस्तीत दर दोन-चार घरांमागे एक घर संघराज्य सरकारच्या पगारावर चालते, त्यामुळे हा विषय येथे वर्तमानपत्रातून घरात येत नाही, घरातच असतो. तुमच्या प्रश्नाच्या पहिल्या भागाचे उत्तर मी स्पष्टपणे ‘नाही’ असे देईन.

घटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या सातव्या कलमानुसार विधेयक समोर आल्यावर त्यावर सही करावी किंवा आक्षेप नोंदवून ते परत पाठवावे, हे दोन्ही मार्ग अध्यक्षांना मोकळे आहेत. परत आलेले विधेयक दोन्ही सभागृहांना दोन-तृतीयांश बहुमताने पुन्हा मंजूर करता येते, म्हणजे अध्यक्षांच्या नकारावरचा उतारा घटनेने तेथेच देऊन ठेवला आहे. जो निर्णय घटनेने एखाद्या पदाच्या विवेकावर सोपवला आहे, तो प्रामाणिकपणे एका बाजूने घेतला म्हणून ते कृत्य ‘महत्त्वाचे गुन्हे आणि गैरवर्तन’ या कक्षेत येत नाही.

२०१३ ची वस्तुस्थितीही नीट पाहिली पाहिजे. त्या छोट्या विधेयकांपैकी बहुतेक विधेयके ओबामांच्या टेबलापर्यंत पोहोचलीच नाहीत, कारण डेमोक्रॅटिक बहुमत असलेल्या सिनेटमध्ये बहुमताचे नेते हॅरी रीड यांनी ती पुढे जाऊ दिली नाहीत. जी पोहोचली त्यांवर ओबामांनी सही केली. शटडाउन सुरू होण्याच्या काही तास आधी, ३० सप्टेंबरला, सैनिकांच्या वेतनाचे विधेयक त्यांनी मंजूर केले. त्यानंतरही एक भोक उरलेच होते. कर्तव्यावर मृत्यू आलेल्या सैनिकाच्या कुटुंबाला तातडीने मिळणारी १ लाख डॉलरची रक्कम त्या कायद्यात बसत नाही असा अर्थ लावला गेला, आणि अफगाणिस्तानातून शवपेट्या येत असताना त्या कुटुंबांना सरकार पैसे देऊ शकत नाही अशी लाजिरवाणी स्थिती निर्माण झाली. त्यावर स्वतंत्र विधेयक झाले आणि १० ऑक्टोबरला त्यावरही सही झाली. तुकड्या-तुकड्यांच्या तरतुदीला तत्त्वतः विरोध करणाऱ्या अध्यक्षांनीही दोन तुकडे स्वीकारले, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

एकेका खात्याचे विधेयक करण्यात बेकायदा असे काहीच नाही, उलट अमेरिकी अर्थसंकल्पाची नियमित पद्धत तीच आहे. दरवर्षी बारा स्वतंत्र विनियोजन विधेयके, म्हणजे खर्चाला मंजुरी देणारी विधेयके, व्हावीत आणि ती १ ऑक्टोबरपूर्वी कायद्यात उतरावीत अशी अपेक्षा असते. १९७७ पासून केवळ चार आर्थिक वर्षांत ती पूर्ण झाली आहे आणि त्यांतले शेवटचे वर्ष १९९७ हे आहे. २०१८-१९ चा ३५ दिवसांचा शटडाउन अंशतः होता, तो याच कारणाने, कारण संरक्षण आणि आरोग्य यांसह पाच विधेयके आधीच कायदा झाली होती. त्या वेळी, जानेवारी २०१९ मध्ये, नव्याने बहुमत मिळालेल्या डेमोक्रॅटिक प्रतिनिधीगृहाने करखाते, कृषी, सार्वजनिक जमिनी व पर्यावरण, वाहतूक अशी वेगवेगळी विधेयके मंजूर केली आणि रिपब्लिकन सिनेटने ती बाजूला ठेवली. भूमिकांची ही अदलाबदल पाहिली की या डावपेचाला पक्ष नाही हे कळते.

तरीही मला हा डावपेच अन्यायकारक वाटतो आणि ते मी मोकळेपणाने सांगतो. जे कॅमेऱ्यासमोर दिसते त्याला आधी पैसे मिळतात. दुसऱ्या महायुद्धाच्या स्मारकासमोर अडथळे लावले आणि वृद्ध सैनिकांनी ते बाजूला सारले, त्या चित्रामुळे उद्यानांचे विधेयक झटपट तयार झाले. अन्नतपासणी करणारा किंवा पाण्याचे नमुने गोळा करणारा कर्मचारी छायाचित्रात येत नाही, म्हणून त्याच्या खात्याचे विधेयक शेवटपर्यंत येत नाही. राजकीय दोष म्हणून याची चर्चा जरूर व्हावी, पण त्यातून महाभियोगाचे कलम, म्हणजे आरोपपत्रातला एखादा आरोप, तयार होत नाही.

विधिशाखा:

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे, मात्र खरा धोका ज्या टोकाला आहे त्याकडे अजून कोणी वळलेले नाही. विधेयकांचे तुकडे काँग्रेसने केले तर तो तिचा अधिकार आहे. खर्चाचे तुकडे अध्यक्षांनी स्वतः पाडले, म्हणजे कायदा एक सांगत असताना कोणाला द्यायचे आणि कोणाचे रोखायचे हे कार्यकारी शाखेने ठरवले, की आपण महाभियोगाच्या प्रदेशात शिरतो.

घटनेच्या पहिल्या अनुच्छेदाच्या नवव्या कलमात एक ओळ आहे, जिचा आशय असा, की कायद्याने केलेल्या तरतुदीशिवाय तिजोरीतून कोणताही पैसा काढला जाणार नाही. या ओळीभोवती दीडशे-दोनशे वर्षांत तीन कायदेशीर कुंपणे उभी राहिली. मंजूर रक्कम ज्या हेतूसाठी आहे त्याच हेतूसाठी वापरावी, हे १८०९ पासूनचे बंधन आहे. तरतूद नसताना खर्चाची बांधिलकी स्वीकारू नये, हा दुसरा दंडक आहे, आणि महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी १९८० मध्ये त्याचा कडक अर्थ लावल्यामुळेच आजचा शटडाउन अस्तित्वात आला; त्यापूर्वी तरतूद संपली तरी खाती काटकसरीने चालूच राहत असत. मनुष्यजीवनाची सुरक्षितता आणि मालमत्तेचे रक्षण यांसाठीची सूट त्यांनी जानेवारी १९८१ मध्ये सविस्तर मांडली. तिसरे कुंपण १९७४ चे. काँग्रेसने मंजूर केलेला पैसा निक्सन धोरण म्हणून अडवून ठेवत होते, तेव्हा पैसा रोखण्याची रीत आणि मुदत ठरवणारा कायदा काँग्रेसने केला आणि जुलै १९७४ मध्ये, राजीनाम्याच्या महिनाभर आधी, निक्सन यांनाच त्यावर सही करावी लागली.

यावरून तुमच्या दोन उदाहरणांतला विरोधाभास सुटतो असे मला वाटते. न दिलेला पैसा खर्च करणे आणि दिलेला पैसा अडवणे ही दोन्ही कृत्ये काँग्रेसच्या त्याच एका अधिकारावर आक्रमण करतात. विधेयक कायदा होण्यापूर्वी त्याला नकार देणे या दोहोंपैकी कशातच मोडत नाही, म्हणून २०१३ चा युक्तिवाद कोसळतो आणि २०२५ चा उभा राहतो.

पैसा अडवण्यातून महाभियोगापर्यंत प्रकरण कसे जाते, याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण युक्रेनला द्यायच्या लष्करी मदतीचे आहे, आणि त्यातला कागद पाहण्यासारखा आहे. काँग्रेसने मंजूर केलेला पैसा खात्याला थेट मिळत नाही; अध्यक्षांच्या अखत्यारीतले अर्थसंकल्प कार्यालय त्याचे वितरणपत्रक काढते आणि त्यानुसार तो उपलब्ध होतो. २५ जुलै २०१९ रोजी ट्रम्प यांचे युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की यांच्याशी दूरध्वनीवर बोलणे झाले, आणि त्याच दिवशी संध्याकाळी संरक्षण खात्याच्या वितरणपत्रकात एक तळटीप जोडली गेली, की युक्रेनसाठीच्या रकमेचा सर्वोत्तम उपयोग ठरवण्याची प्रक्रिया चालू असल्याने ती ठरावीक तारखेपर्यंत वापरता येणार नाही. तारीख जवळ आली की नवी तळटीप येत असे. सुरुवातीची सही एका कायमस्वरूपी अधिकाऱ्याची होती. पुढे हा सहीचा अधिकार राजकीय नेमणुकीच्या अधिकाऱ्याने स्वतःकडे घेतला. ११ सप्टेंबरला निधी मोकळा झाला, तोपर्यंत आर्थिक वर्ष संपायला तीन आठवडेही उरले नव्हते, आणि सुमारे ३.५ कोटी डॉलर वेळेत वापरता न आल्यामुळे काँग्रेसला त्यांची मुदत कायद्याने वाढवावी लागली.

प्रतिनिधीगृहाने १८ डिसेंबर २०१९ रोजी महाभियोगाची दोन कलमे मंजूर केली. त्यांतल्या पहिल्यात अडवलेल्या ३९.१ कोटी डॉलरचा उल्लेख आहे, परंतु १९७४ चा कायदा मोडल्याचा आरोप त्यात नाही. आरोप सत्तेच्या गैरवापराचा, म्हणजे तो पैसा वैयक्तिक राजकीय लाभासाठी वेठीस धरल्याचा होता. संरक्षण खात्याच्या २१.४ कोटी डॉलरच्या बाबतीत कायदा मोडला गेला, असा निष्कर्ष काँग्रेसच्या लेखापरीक्षण संस्थेने १६ जानेवारी २०२० रोजी दिला, आणि त्याच दिवशी सिनेटमधील सुनावणीची औपचारिक सुरुवात झाली. निष्कर्ष महिनाभर आधी आला असता तर कलमांची रचना वेगळी झाली असती का, हा प्रश्न मला अजूनही महत्त्वाचा वाटतो. ५ फेब्रुवारीला पहिल्या कलमावर ४८ विरुद्ध ५२ मतांनी ट्रम्प दोषमुक्त झाले.

२०२५ मध्ये याच तिन्ही कुंपणांवर ताण आला. ऑगस्टच्या अखेरीस प्रशासनाने ४.९ अब्ज डॉलरची परदेशी मदत रद्द करण्याचा प्रस्ताव पाठवला. अशा प्रस्तावावर विचार करण्यासाठी कायद्याने ४५ दिवस दिले आहेत आणि तेवढे दिवस पैसा थांबवता येतो. पण ३० सप्टेंबरला वर्ष संपत असल्याने काँग्रेसने काहीच केले नाही तरी तो पैसा आपोआप लोप पावणार होता. हा मार्ग बेकायदा आहे असे लेखापरीक्षण संस्थेचे मत होते, तरी सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबरला त्यातील सुमारे ४ अब्ज डॉलर तूर्त रोखून ठेवण्यास मुभा दिली. त्यानंतरच्या शटडाउनमध्ये सैनिकांना संशोधन निधीतून पगार मिळाला आणि विमानवाहतूक नियंत्रक मात्र आठवडेच्या आठवडे बिनपगारी काम करत राहिले. सैनिकांना पगार मिळाला याचा कोणालाही आनंदच होईल, मलाही झाला. तरीही कोणाच्या घरी पैसे जातील हे कायद्याऐवजी अध्यक्षांच्या आदेशाने ठरले, आणि हीच गोष्ट मला अस्वस्थ करते.

चौकस वाचक:

दोघांचेही आभार. तिन्ही कुंपणांच्या मांडणीमुळे माझा गोंधळ बराचसा दूर झाला. दोन उपप्रश्न विचारते. कर्जमर्यादा न वाढवल्यामुळे तिजोरीत पैसेच उरले नाहीत आणि अध्यक्षांना काही देणी देऊन काही थांबवावी लागली, तर ते कोणत्या कुंपणात बसते? आणि केवळ अर्थसंकल्पीय नियमभंगासाठी एखाद्या देशाच्या अध्यक्षांना खरोखर पदावरून जावे लागले आहे का?

विधिशाखा:

कर्जमर्यादेचा प्रसंग सर्वांत कठीण आहे. एक कायदा सांगतो की एवढा खर्च करा, दुसरा सांगतो की कर एवढाच घ्या, तिसरा सांगतो की याहून अधिक कर्ज काढू नका, आणि तिन्ही एकाच वेळी पाळणे अशक्य होते. कर्ज काढले तर काँग्रेसचा कर्जाचा अधिकार बळकावल्याचा आरोप, देणी थांबवली तर मंजूर निधी अडवल्याचा आरोप, आणि रोखेधारकांची रक्कम बुडवली तर सरकारी कर्जाच्या वैधतेविषयीच्या चौदाव्या घटनादुरुस्तीचा भंग. २०११ आणि २०१३ मध्ये महाभियोगाची भाषा काँग्रेसच्या काही सदस्यांच्या तोंडी आली ती मुख्यतः याच संदर्भात. मे २०१३ मध्ये प्रतिनिधीगृहाने आधी रोखेधारकांची देणी भागवावीत अशा आशयाचे विधेयक २२१ विरुद्ध २०७ मतांनी मंजूर केले होते, ते कायदा झाले नाही. त्यामुळे कोणाला आधी द्यायचे याचा कायदेशीर क्रम आजही ठरलेला नाही. ज्या कोंडीची निर्मिती काँग्रेसने केली, तिच्यात सापडलेल्या अध्यक्षांना काँग्रेसनेच दोषी धरावे हे मला न्याय्य वाटत नाही, पण महाभियोगाचा एकमेव अधिकार प्रतिनिधीगृहाकडे असल्याने त्याला साध्या बहुमताने तसे करण्यापासून कोणतेही न्यायालय रोखणार नाही.

म्हापसेकर:

दुसऱ्या उपप्रश्नाचे उत्तर ब्राझीलमध्ये आहे. आमच्या घरी आजोबांपासून पोर्तुगीज वाचली जाते, म्हणून २०१६ चे ते प्रकरण मी तिथल्या वर्तमानपत्रांतून रोज वाचत होतो.

अध्यक्ष डिल्मा रूसेफ यांच्यावरचे आरोप पूर्णपणे अर्थसंकल्पीय होते. तिथल्या काँग्रेसची संमती न घेता पूरक खर्चाचे आदेश काढले, हा पहिला आरोप. शेतकऱ्यांच्या सवलतीच्या कर्जयोजनेपोटी सरकारी बँकेला द्यायची रक्कम वेळेवर न देता बँकेच्याच पैशांवर योजना चालू ठेवली, म्हणजे प्रत्यक्षात बँकेकडून कर्ज घेतले आणि तूट लपवली, हा दुसरा. प्रतिनिधीगृहात १७ एप्रिल २०१६ रोजी ३६७ विरुद्ध १३७ मते पडली, मे महिन्यात त्या निलंबित झाल्या आणि ३१ ऑगस्टला सिनेटने ६१ विरुद्ध २० मतांनी त्यांना पदावरून दूर केले. वैयक्तिक लाचखोरीचा आरोप त्यात नव्हता.

हे तिथे शक्य झाले, कारण ब्राझीलच्या १९८८ च्या घटनेच्या ८५व्या अनुच्छेदात अध्यक्षांच्या जबाबदारीच्या गुन्ह्यांची यादीच दिली आहे आणि अर्थसंकल्पाच्या कायद्याविरुद्धचे कृत्य त्या यादीत आहे. अमेरिकेच्या घटनेत अशी यादी नाही. तरीही अर्थव्यवस्था कोसळलेली नसती, तेलकंपनीच्या भ्रष्टाचाराचा तपास पेटलेला नसता आणि त्यांची आघाडी फुटलेली नसती, तर या हिशेबी चुकांवरून कोणी त्यांना काढले असते असे मला वाटत नाही. आधीच्या सरकारांनीही बँकांची देणी थोडीफार लांबवली होती, आणि रूसेफ यांच्या समर्थकांनी या प्रक्रियेला बेकायदा सत्तापालट म्हटले ते त्यामुळेच.

सोलापूरकर:

आपल्याकडे असा शटडाउन का होत नाही, हे येथे थोडक्यात नोंदवतो. संचित निधीतून कायद्याशिवाय पैसा काढता येत नाही, हे बंधन भारतीय घटनेच्या ११४व्या अनुच्छेदातही आहे आणि निवडणुकीच्या वर्षी आपण लेखानुदान घेतो ते त्यापोटीच. परंतु लोकसभेने अनुदानाच्या मागण्या फेटाळल्या तर सरकारलाच राजीनामा द्यावा लागतो, त्यामुळे पैसा अडला आणि सत्ताधारी मात्र जागेवर राहिले अशी स्थिती टिकत नाही. राष्ट्रपतींवरील महाभियोग केवळ घटनाभंगासाठी असतो आणि खर्चाचे निर्णय ते मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने घेत असल्याने हा वाद त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही.

जुनी पाने:

अमेरिकेच्या इतिहासात विनियोजन कायद्याचा उल्लेख महाभियोगाच्या कलमात प्रत्यक्ष आलेला आहे, आणि मूळ प्रश्नाला याहून जवळचे उदाहरण मला माहीत नाही.

२ मार्च १८६७ रोजी काँग्रेसने सैन्याच्या खर्चाचे स्वतंत्र विधेयक अध्यक्ष अँड्र्यू जॉन्सन यांच्याकडे पाठवले. त्यात खर्चाशी संबंध नसलेली एक तरतूद घातली होती, की अध्यक्षांचे सर्व लष्करी आदेश सेनाप्रमुखांमार्फत, म्हणजे ग्रँट यांच्यामार्फतच गेले पाहिजेत. सरसेनापती या नात्याने घटनेने दिलेला आपला अधिकार यामुळे हिरावला जातो असे जॉन्सन यांचे म्हणणे होते. सही नाकारली तर सैन्याला पैसे मिळणार नाहीत, म्हणून लेखी निषेध नोंदवून त्यांनी सही केली. अत्यावश्यक खर्चाला नको असलेली अट जोडून अध्यक्षांना पेचात पकडण्याचा हा प्रकार २०१३ च्या डावपेचाचा पूर्वज म्हणावा असाच आहे.

वर्षभराने, फेब्रुवारी १८६८ मध्ये, वॉशिंग्टन परिसरातील सैन्याचे अधिकारी जनरल एमरी यांच्याशी बोलताना जॉन्सन यांनी ती तरतूद घटनाविरोधी असल्याचे सांगितले. त्यांच्यावरील महाभियोगाचे नववे कलम याच संभाषणावर उभे होते, आणि अकराव्या कलमातही सैन्याच्या त्या विनियोजन कायद्याची अंमलबजावणी रोखण्याचा प्रयत्न केल्याचा आरोप होता. मुख्य आरोप युद्धमंत्री स्टँटन यांना काढल्याचा होता, हे खरे. तरी पैशाच्या विधेयकाला चिकटवलेल्या अटीतून महाभियोगाचे कलम निघाले, हेही तितकेच खरे.

सिनेटने १६ मे रोजी अकरावे कलम मताला टाकले. ३५ जण दोषी म्हणाले, १९ जण निर्दोष म्हणाले, आणि दोन-तृतीयांशाला एक मत कमी पडले. दहा दिवसांनी दुसऱ्या आणि तिसऱ्या कलमांवर हेच आकडे आल्यावर न्यायासन विसर्जित झाले, आणि नववे कलम मताला आलेच नाही.